उलटं टांगलेलं नाव

‘बांधावरून’चा हा तीनशे एकोणनव्वदावा अंक, आणि शेवटचा. एकतीस वर्षं दर सामन्याला हा एक कागद मी फाटकाशी उभा राहून वाटला. एका बाजूला बातमी, दुसऱ्या बाजूला आठवण. अक्षर माझंच, चित्रंही माझीच, आणि त्या चित्रांत माणूस कुठला नि चेंडू कुठला हे कळत नाही ही तक्रारही तितकीच जुनी. या कागदावर मी कुणाची भीडभाड ठेवली नाही. पंचाला आंधळा म्हटलं, गोलरक्षकाला चाळणी म्हटलं, महापौर मध्यंतराला जांभया देत उठून गेले तेही छापलं. आज स्वतःची पाळी आल्यावर शेपूट घालणार असेन, तर एवढ्या वर्षांची शाई पाण्यात गेली म्हणायची.

म्हणून सरळ सांगतो. ओकिहामाचा क्लब कुवाहारा रेंजीनं बुडवला नाही. मी बुडवला. मी, नोझुए याइची, वय एकाहत्तर, बांगड्याचे डबे भरणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस.

आमचा क्लब हे त्या कारखान्याचंच पोर. दुपारची पाळी सुटली की पोरं बूट बदलून समुद्राच्या भिंतीमागच्या मैदानावर उतरायची. जर्सीवर चंदेरी बांगडा. पाहुणे संघ नाक दाबून चिडवायचे, “आला रे आला, वास आला!” आणि आम्ही गवताच्या बांधावरून ओरडायचो, “वास आलाय ना? थांबा, आता काटाही लागेल!” पुढे कारखाना बंद पडला, निम्मं गाव पोटासाठी पांगलं, पाचशेची गर्दी सव्वाशेवर आली. तरी क्लब टिकला, आणि तो रेंजीमुळे टिकला. आधी बचावपटू, मग कप्तान, आणि गुडघा गेल्यावर क्लबचा सचिव. सचिव म्हणजे काय, तर रेषा आखणारा, जाळी शिवणारा, पाहुण्यांना चहा देणारा आणि आमच्या शिव्या खाणारा.

तो अठरा वर्षांचा असताना झाकणं बसवायच्या यंत्रावर माझ्या हाताखाली लागला. त्याच वर्षी मिनेझाकीविरुद्धच्या सामन्यात विसाव्या मिनिटाला त्याचं डोकं फुटलं. मैदानाच्या कडेला माझ्या बायकोची, फुसाएची, कढत रश्श्यातल्या मुळ्याची आणि अंड्यांची गाडी असते. ती झारा टाकून धावली आणि खांद्यावरचा टॉवेल त्याच्या डोक्याला आवळून बांधला. तेवढ्यावर तो पठ्ठ्या शंभर मिनिटं खेळला. शून्य-शून्य. पेनल्टीवर आम्ही जिंकलो आणि मी बांधावरून गडगडत खाली आलो, खरोखरचा, पाय घसरून. तीन दिवसांनी तो टॉवेल धुऊन, इस्त्री करून परत द्यायला आला. तेव्हापासून फुसाए त्याच्या वाटीत एक अंडं जास्त घालायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, “तुमचं फुटू दे डोकं, तुम्हालाही घालीन.”

त्या सामन्यानंतर मी त्याचा बॅनर केला. चार मीटर पांढरं कापड, त्यावर निळ्या रंगात ‘कुवाहारा उभा आहे’. आमच्याकडे प्रत्येक खेळाडूच्या नावाचा बॅनर बांधावरची मंडळी रंगवतात आणि सामन्याआधी कठड्याला टांगतात. खेळाडू क्लब सोडून चालला की शेवटच्या दिवशी त्या कापडाची घडी करून त्याच्या हातात द्यायची. रेंजी कधी गेलाच नाही. त्यामुळे त्याचा बॅनर अठ्ठावीस वर्षं माझ्याच कपाटात राहिला आणि तो सचिव झाल्यावरही दर सामन्याला मधोमध टांगला गेला. टांगायला नेहमी दोघं लागायचे, एका टोकाला मी आणि दुसऱ्याला फुसाए. “ताणा जरा तुमच्याकडून, नाव पोटात घेतंय,” हे कापड मधे सैल पडलं की तिचं ठरलेलं वाक्य.

आणि क्लबवर राग आला की? तर आम्ही दगड मारत नाही, बाटल्या फेकत नाही. बॅनर उलटे टांगतो, डोकं खाली आणि पाय वर. काही बोलायचंच नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही, आणि ते माझ्या आठवणीत दोनदाच झालं होतं.

यंदा आम्ही ओळीनं सहा सामने हरलो. नुसते हरलो असतो तर ठीक, पण सहाव्याला आमच्याच दोघांनी एकमेकांकडे बघत चेंडू सोडून दिला, तू घे, नाही तू घे, आणि मधून गोल झाला. बांधावर माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. त्याच आठवड्यात बघतो तर फाटकाला नवा रंग, कठडा घासूनपुसून चकचकीत, आणि दोन्ही बाजूंना शेवंतीच्या कुंड्या. माझं डोकंच फिरलं.

शुक्रवारी दिवेलागणीला रेंजी घरी आला. हातात लाल चवळीच्या गोड पावांचा डबा. चटईवर गुडघे टेकून बसला.

“काका, एक विनंती होती.”

“बोल. पण आधी सांग, त्या कुंड्या कुणाच्या डोक्यातून निघाल्या? सहा मार खाल्ले आणि तुम्ही बागकाम करताय?”

तो एरवी अशा वेळी हसायचा. त्या दिवशी हसला नाही. “या रविवारी बांध भरलेला दिसायला हवा, काका. सगळे बॅनर लावा. ढोल वाजू देत. आणि पंचाला जरा... बेतानं घ्या.”

“का? कोण येतंय?”

“ते विचारू नका.”

“मी विचारू नको?”

“मी शब्द दिलाय त्यांना. रविवार होऊ दे, सगळ्यात आधी तुम्हालाच सांगतो.”

माझ्या मनात आलं, महापौर असणार. निवडणूक तोंडावर आलीय, फोटो काढायचे असतील, आणि आम्ही मागे ढोल बडवायला. खरं सांगायचं तर तेही नाही. मला लागलं ते वेगळंच. या क्लबची प्रत्येक बातमी गावाआधी मला कळायची. कोण जखमी, कोण येतोय, कुणाचं लग्न, सगळं. आणि ज्याला मी झाकण बसवायला शिकवलं तो माझ्यासमोर बसून मला म्हणतोय, विचारू नका.

“एकतीस वर्षं मी या क्लबसाठी बोंबलतोय, आणि आज मी परका झालो का रे?”

“तसं नाही, काका.”

“तसंच आहे. डबा घेऊन जा तुझा.”

त्यानं चटईवर दोन्ही हात टेकून डोकं वाकवलं. मी वर्तमानपत्र उघडलं. दारापर्यंत फुसाए गेली. परत आली ती तणतणत.

“अहो, त्या पोराचा चेहरा पाहिलात का? आठवडाभर झोपला नसेल.”

“चेहरे बघून सामने जिंकता येत नाहीत.”

“जिंकायचं कोण बोलतंय? काहीतरी अडलंय त्याचं. तुम्हाला मेलं सगळं छापायचं असतं म्हणून सांगत नसेल.”

हे बरोबर होतं, म्हणून मला आणखी झोंबलं. शनिवारी सकाळी मी खास अंक काढला. एकच ओळ, मोठ्या अक्षरांत: उद्या सगळे बॅनर उलटे. दुपारपर्यंत घरोघर टाकून आलो.

मग रेंजीचा बॅनर काढला. कापडाच्या वरच्या काठाला टांगायच्या नाड्या होत्या, खालच्या काठाला नव्हत्या. लागल्याच कधी नव्हत्या! दुसऱ्या कुणी घाईत दोरीनं गाठ मारून भागवलं असतं. पण माझे वडील जाळी विणायचे, मला तसलं काम चालत नाही. जाड दोरा घेतला, जाळ्याची सुई घेतली आणि अंगणात बसून खालच्या काठाला आठ नव्या नाड्या दुहेरी टाक्यानं शिवल्या. वारा सुटला तरी तुटायला नकोत.

“सुईत दोरा ओवून दे गं,” मी म्हटलं. डोळ्यांना दिसत नाही आताशा.

“मी नाही द्यायची,” फुसाए म्हणाली. “आणि उलटं टांगायचंच तर क्लबच्या त्या अध्यक्षाचं टांगा. या पोराचं कशाला?”

“अध्यक्षाचा बॅनरच नाही.”

“मग करा की एक. हौस आहे ना एवढी.”

ओवायलाच अर्धा तास गेला.

रविवारी बांधावरची माणसं बॅनर हातात घेऊन नुसती उभी होती. कुणी पुढे होईना. मीच झालो. मधोमध ‘कुवाहारा उभा आहे’ डोक्यावर उभा केला. फुसाए गाडी सोडून आली नाही, म्हणून दुसरं टोक मासळीबाजारातल्या हामादानं धरलं. माझा झाला तसे बाकीचे झाले. सव्वीस नावं उलटी. ढोल मुकाट. रेंजी मैदानाच्या कडेला उभा होता. तो सामन्याआधी बांधाला वाकून नमस्कार करतो, तसा त्यानं केला. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ वाकला होता. मला वाटलं, बरं झालं, चांगलंच लागलं.

सामना आम्ही हरलोच, तीन-शून्य.

संध्याकाळी भांडी घासताना फुसाए म्हणाली, “आज दोन नवीन माणसं आली होती गाडीवर. सूटबूट, बुटांना वाळू लागू नये म्हणून असे टाचांवर चालत होते. एकानं विचारलं, ती कापडं उलटी का? मी म्हटलं, आमच्याकडे लोक क्लबवर चिडले की असं करतात. तर म्हणतो, म्हणजे इथल्या लोकांनाच हा क्लब नकोय का? मी म्हटलं, अहो नाही हो, जीव आहे म्हणून तर... पण ऐकायला थांबले कुठे. मध्यंतराच्या आधीच गेले. एकानं तर अर्धं अंडं टाकलं.”

“अंडं टाकून जाणारी माणसं भरवशाची नसतात,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो. हो, हसलो.

गुरुवारी प्रांताच्या वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर खाली बारीक बातमी होती. पैशाअभावी ओकिहामाचा क्लब पुढच्या हंगामात नसेल. औषधं बनवणारी एक कंपनी क्लब चालवायला घेण्याच्या विचारात होती, त्यांचे दोन प्रतिनिधी रविवारी सामना पाहायला आले होते, परंतु स्थानिक पाठिंब्याअभावी कंपनीनं माघार घेतली आहे. मी मोठ्यानं वाचत होतो. ‘दोन प्रतिनिधी’पाशी फुसाएनं हातातली वाटी खाली ठेवली.

“मीच सांगितलं त्यांना,” ती म्हणाली.

“तू काय सांगितलंस? विचारलं ते सांगितलंस. टांगलं मी.”

ती वाटी उचलून मोरीत गेली. ती बोलली असती, भांडी आपटली असती, तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी सभागृहात सभा झाली. तुमच्यातले बरेच जण होतात, तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. अध्यक्ष आजारी पडले होते, ते पडणारच. रेंजी काळ्या सुटात एकटा पुढे उभा राहिला आणि कमरेत वाकला. हामादा ओरडला, “सात वेळा हरवलंस ते हरवलंस, आलेली कंपनीही घालवलीस? तुला त्यांच्याशी धड बोलताही आलं नाही का रे?” मागून कुणी म्हणालं, राजीनामा दे. कुणी म्हणालं, कसला राजीनामा, क्लबच नाही आता. रेंजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी कमी पडलो. माझीच चूक.”

मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो. मांडीवर वही, हातात पेन. पंचाचा निर्णय चुकला तर समुद्रापलीकडे ऐकू जाईल असा माझा आवाज. त्या दिवशी तो शेजारच्या खुर्चीपर्यंतही गेला नाही. उठायचं होतं. पाय जमिनीला टेकवलेही होते. पण हामादाचं लाल तोंड दिसलं, शेजारपाजारचे चेहरे दिसले, आणि मी वहीत तारीख लिहिली, खोडली, परत लिहिली. फुसाए स्वतःच्या मांडीकडे बघत बसली होती. रेंजीनं वर पाहिलं तेव्हा त्याची नजर माझ्यावर आली, आणि लगेच दुसरीकडे गेली. भित्रा आहे मी. दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅनरची घडी करून सायकलला बांधली आणि त्याच्या घरी गेलो. खोक्यांमधून वाट काढत त्यानं मला आत नेलं. बायकोमुलं पुढे गेली होती, तो मंगळवारच्या बसनं निघणार होता. टोकियोच्या पलीकडे मेहुण्याच्या ओळखीनं गोदामात काम मिळालं होतं. पेले बांधून झाले होते, म्हणून बार्लीचा चहा कागदी पेल्यात दिला.

“रेंजी, ती दोन माणसं. रविवारची. त्यांनी बॅनर पाहिले.”

“हो, काका.”

“तुला ठाऊक होतं?”

“त्याच संध्याकाळी फोन आला त्यांचा. म्हणाले, तुमच्याच माणसांना तुम्ही नको आहात, तिथे आम्ही येऊन काय करू?” तो चहाकडे बघत म्हणाला. “मी समजावलं. रुसलेत, म्हटलं, आपलीच माणसं आहेत. त्यांना काही पटलं नाही.”

“मग काल सभेत बोलला का नाहीस? तो हामादा तुला वाटेल ते बोलत होता, आणि दुसरं टोक त्यानंच धरलं होतं!”

“बोललो असतो तर तुम्ही या गावात राहू शकला असतात? मी चाललोय, काका. तुम्हाला आणि काकूंना इथेच राहायचंय.”

मला माफ कर, असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. ते राहूनच गेलं. मी घडी पुढे केली. “हा तुझा. जाताना द्यायची रीत आहे.”

त्यानं दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली, एक काठ उलगडला. नेमका तोच काठ वर आला. आठ नव्या नाड्या, पांढऱ्याशुभ्र. त्यानं टाक्यावरून अंगठा फिरवला.

“जाळ्याची गाठ ना ही?”

“कात्री दे, मी आत्ता कापून टाकतो.”

“कात्री खोक्यात गेली.” त्यानं काठ पुन्हा आत घातला, घडी नीट बसवली, आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे परत केली. “चांगलं शिवलंय, काका. पण तिकडे खोली एकच आहे. ठेवायला जागा नाही.”

चार मीटर कापड! उशीखाली मावलं असतं. तो कधी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही, आणि त्या दिवशीही म्हणाला नाही. दारात त्यानं विचारलं, “लिहिणार आहात का हे?” मी म्हटलं, लिहिणार. तो म्हणाला, “नका लिहू. काकूंना त्रास होईल.” त्याचं शेवटचं मागणंही मी ऐकलेलं नाही, हे तुम्ही बघताच आहात.

मंगळवारी दहा चाळीसची बस आमच्या घरावरून जाते. थांबा पुढे आहे, आमच्याकडे ती थांबत नाही. मी दहालाच बॅनर घेऊन खाली उतरलो. घरासमोर रस्त्याला लागून कठडा आहे, त्याला टांगायचा, सुलटा, बसमधून दिसेल असा. पहिली नाडी बांधली, ओढली, ती हातात आली. दुसरीही आली. अठ्ठावीस वर्षं ऊन आणि खारा वारा खाल्लेल्या वरच्या नाड्या, कुजून गेल्या होत्या सगळ्या. खालच्या आठ तेवढ्या मजबूत, मी शिवलेल्या. नव्या शिवायला वेळ नव्हता. टांगायचा तर उलटाच टांगता आला असता.

“फुसाए!” मी खालून हाक मारली. “एक टोक धर गं!”

ती वर कपडे वाळत घालत होती. “उलटं एकट्यानं टांगलंत ना?” तिचा आवाज आला. “मग सुलटंही एकट्यानं धरा.”

धरलं. हात पसरून जेवढं येईल तेवढं. पण चार मीटर कापड एका माणसाच्या हातात किती मावणार? एक टोक दाताखाली धरून पाहिलं, कठड्याच्या खांबाला पाय देऊन पाहिलं. वारा सुटला होता. ‘कुवाहा’ एवढं छातीशी, बाकीचं रस्त्यावर लोळतंय, आणि मी एकाहत्तर वर्षांचा माणूस त्याच्याशी झटापट करतोय. तेवढ्यात वळणावर बस दिसली. मी ओरडलो, “रेंजी! रेंजी!” बांधावरचा सगळा आवाज लावला. बस निम्मी रिकामी होती. तो समुद्राकडच्या खिडकीला बसला होता, मला त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसली, जुन्या टाक्यांची रेघ जिथे आहे ती. मान वळली नाही. ऐकू गेलं नसेल. मी असंच धरून चाललोय, की ऐकू गेलं नसेल.

धूर खाली बसला. कापड ओढलं गेलं म्हणून बघतो तर फुसाए दुसऱ्या टोकाला उभी. ओल्या हातांनीच आली होती, पायात माझ्या चपला. रस्त्यावरचा भाग तिनं झटकून उचलला.

“गेली बस,” मी म्हटलं.

“दिसतंय मला,” ती म्हणाली. तिनं तिच्या बाजूनं दोन पावलं मागे घेतली. “ताणा जरा तुमच्याकडून. नाव पोटात घेतंय.”

मी ताणलं. रस्ता रिकामा होता, पुढची बस दुपारी. कुणी यायचं नव्हतं, कुणी बघायचं नव्हतं. तरी नाव सरळ होईपर्यंत आम्ही दोघं धरून उभे राहिलो.